न फिरणारी तोफ

"आबा, चाक उलटं लागलंय," सुहास खाटेवरून म्हणाला. बापाने ते सुलटं केलं.

महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचा हा छोटा नमुना सुहासने स्वतः जोडायला घेतला होता. मग दुखण्याने त्याचे पाय नेले, पाठोपाठ हात. आता तो सांगे आणि बापाची जाड बोटं प्लॅस्टिकचे तुकडे जोडत. रणगाडा पुरा झालेला बघायचा, एवढीच सुहासची इच्छा उरली होती.

शेवटी तोफेचा बुरूज बसवला. निसटू नये म्हणून बापाने सगळीकडून गोंद लावला आणि रणगाडा त्याच्यासमोर धरला.

"तोफ फिरवा की."

तोफ हलेना.

"बुरूज चिकटवला व्हय? तेवढाच मोकळा ठेवायचा असतो, आबा!"

"चुकलं रे पोरा."

"असू द्या. माझी मान तरी कुठं फिरते?"

बाप उशामागे गेला आणि मोठ्याने हसला. तिथं उभ्या माणसाचा चेहरा सुहासला दिसत नसे.