पांढऱ्याची हद्द

पांढरं फार पांढरं झालंय, असं कळवून बंगळूरच्या चॅनेलनं प्रभंजनची जाहिरात दुसऱ्यांदा परत पाठवली.

टीव्हीवाल्यांचा नियमच तसा. चित्रातला उजेड संगणकावर आलेखात दिसतो आणि पांढऱ्यासाठी वर एक हद्द आखलेली असते. ती ओलांडली की माल परत. जाहिरातीतल्या यशवंतअण्णांचं धोतर मात्र हद्दीत राहायला तयार नव्हतं. रायापूरच्या आपल्या गच्चीवर अण्णा ते नेसून ऐटीत उभे होते आणि आलेखात धोतराची रेघ खुशाल हद्दीबाहेर उंडारत होती.

प्रभंजनला ती खाली ओढता येत नव्हती असं नाही. ओढली होती की. पण अण्णा त्याच्या सप्तापूरच्या खोलीवर आले, चष्मा पुसून पडद्याकडे बघत बसले आणि हे धोतर राखेत लोळवलंय काय, असं विचारते झाले. जाहिरात ज्या धुण्याच्या पावडरीची, ती त्यांची स्वतःची होती. 'चंद्रकोर' म्हणून हुबळीच्या बाजारात ते ती विकत होते.

"आमच्या घरात दुसऱ्या पावडरीचा कण येत नाही," अण्णा म्हणाले. "पांढरं आहे ते आहे. यंत्रानं कमी करायचं नाही बघ."

प्रभंजनच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर त्यानं लग्नांचे व्हिडिओच काढले होते. तिथं नवरी उजळ दिसली की सगळे खूश, हद्दबिद्द कोणी विचारत नाही. टीव्हीचं हे पहिलंच काम. उद्यापर्यंत जाहिरात पास झाली नाही तर दसऱ्याचा मुहूर्त हुकणार आणि अण्णा पुढचं सगळं काम बंगळूरच्या लोकांना देणार, हे त्यांनी जाता जाता सांगूनही टाकलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी पुन्हा चित्रीकरण करायचं ठरलं. धोतर तेच हवं, हा अण्णांचा हट्ट. त्यांच्या बायकोनं, विमलअक्कांनी, ते पुन्हा धुऊन वाळत घातलं. प्रभंजनची सारी भिस्त ढगांवर होती. थोडं मळभ आलं तर पांढरं आपोआप उतरेल, असा त्याचा हिशेब. पण सकाळी आभाळात ढग औषधालाही नव्हता. तीच गच्ची, तेच ऊन, तोच कॅमेरा. त्यानं मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलून काम उरकलं.

आणि आलेख बघतो तर काय, धोतराची रेघ मुकाट्यानं हद्दीच्या आत. दुपारी चॅनेलनंही जाहिरात पास केली. यंत्राचा हात लागलेला नाही म्हटल्यावर अण्णांनाही तेच धोतर झकास दिसलं. पावडरीत दोष नव्हताच, असं त्यांनी चारचौघांना फोन करून सांगायला घेतलं आणि घरात सगळ्यांसाठी चुरमुऱ्यांचं चटकदार गिरमिट मागवलं.

प्रभंजनला आनंद झाला होता, पण कोडं काही सुटेना. तो स्वयंपाकघरात गेला आणि विमलअक्कांना विचारलं, या वेळी धोतराला केलंत तरी काय.

अक्कांनी आधी दाराबाहेर डोकावून बघितलं. अण्णा अजून फोनवरच होते.

"टीव्हीवर जायचं म्हणून मागच्या वेळी शेजारणीकडनं तिची पावडर आणली होती रे," त्या हळूच म्हणाल्या. "ती पुडी संपली. मग काल म्हटलं, असू दे की, आपलीच टाकू."