सहीआधीचा हात

धडाम.

लाकडी दांड्याचा चुरा झाला. एक ढलपी उल्काच्या गालाला चाटून गेली. उरलेला तुकडा लास्लो केरेकेशच्या मुठीत थरथरत होता.

"पुन्हा," तो म्हणाला.

श्टुटगार्टजवळच्या त्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या दोनशे टनी प्रेससमोर तिघंच होते. यंत्रांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेली उल्का देवल, मालक फोग्ट, आणि आजचा पाहुणा केरेकेश. प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा पडदा होता. त्यात काहीही शिरलं की प्रेसनं जागच्या जागी थांबायचं. मंगळवारी ती थांबली नाही. तिच्यासोबत काम करणाऱ्या श्रीनाथची चार बोटं आत राहिली. उल्कानंच ती चिमट्यानं उचलून कँटीनच्या बर्फात घातली. उपयोग झाला नाही.

शेजारच्या हॉलमध्ये कोणीतरी पाहुण्याच्या परिचयाची तालीम करत होतं. कर्ण्यातून तुकडे येत होते.

...जन्म मिश्कोल्ट्सचा. ग्योरमध्ये अभियंता, अकरा वर्षं प्रेसशॉपमध्ये...

दुसरा दांडा. प्रेस थांबली. तिसरा. थांबली.

चौथा. धडाम.

"वायर सैल असेल कुठेतरी," फोग्ट म्हणाला. "आल्झो, तर फ्राऊ देवल, दुरुस्ती झाल्याचा कागद तयार आहे. तुमची सही झाली की हिरवा दिवा लावायचा. दहा मिनिटांत कॅमेरे येतील." मग जरा थांबून, मऊ आवाजात, "तुमची प्रोबेत्साइट शुक्रवारी संपते ना?"

संपत होती, नोकरीतली चाचणीची मुदत. आणि नोकरी गेली तर मागोमाग व्हिसाही. सकाळी दवाखान्यात श्रीनाथनंच तिला सांगितलं होतं, "करून टाक गं सही. तू घरी बसल्यानं माझी बोटं उगवणार आहेत का? आणि मला काय, अंगठा आहे शिल्लक. पीएचडी करून अंगठेबहाद्दर झालो." तो हसला होता. ती नव्हती हसली.

...मग बुडापेस्टला तंत्रज्ञान खात्यात राज्यसचिव. मग ब्रुसेल्स. बाहेरच्या निरीक्षकाची गरज संपवून कारखान्याच्याच सहीवर विश्वास ठेवणारा नियम...

"तुमचा नियम," उल्का म्हणाली.

"माझा. आणि चांगला आहे." केरेकेशनं हातातला तुकडा फेकून दिला. "ग्योरला आमचा मुख्य मिस्त्री काय करायचा माहीत आहे? कागद पुढे केला की आधी म्हणायचा, हात घाल. जो सही करणार, त्याचा हात आधी. प्रत्येक प्रेसमध्ये घातलाय मी. अकरा वर्षं."

"मग नियमात तो हात कुठे गेला?"

"हात काय कायद्यात लिहितात?"

फोग्ट हसला. उल्का हसली नाही.

"करते मी सही," ती म्हणाली. "तुम्ही हात घाला."

...आज युरोपातल्या चार हजार कारखान्यांच्या संघटनेचे अध्यक्ष... टेस्ट, टेस्ट, आइन्स, त्स्वाय...

केरेकेशनं कोट काढला नाही. फक्त बाही वर सारली. मनगटावर पांढरे केस होते. त्यानं हात प्रेसच्या तोंडात ठेवला, तळवा वर करून.

"लास्लो, बस झाला हा मूर्खपणा," फोग्ट म्हणाला.

"दाबा, फ्राऊ देवल."

ती दाबणार नाही याची त्याला खात्री होती. हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. प्रेस चारांत दोनदा थांबली नव्हती, हेही त्याला ठाऊक होतं, तिलाही. तिच्या डोळ्यांपुढे चिमटा आला, बर्फ आला. या माणसाला समजावून सांगायचं नव्हतं तिला. तो हात चिरडलेला बघायचा होता.

तिनं प्रेस चालवायची दोन्ही बटणं दाबली.

फोग्ट ओरडला. लोखंड खाली आलं. वाऱ्यानं केरेकेशच्या मनगटावरचे केस हलले. बोटभर अंतरावर प्रेस थांबली.

मग केरेकेशनं हात बाहेर काढला, सावकाश, मोजून घेतल्यासारखा. तोंड पिठासारखं पांढरं झालं होतं, पण हसला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. थांबली. करा सही."

उल्काचे तळवे अजून बटणांवरच होते.

"आणखी एकदा," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. प्रेसकडे पाहिलं. बाही खाली ओढली, बटण लावायला गेला, लागेना, तसंच सोडलं.

दार उघडलं. माणसं, दिवे, फुलांचा गुच्छ. फोग्टनं कागद झटकन टेबलावर पालथा केला. छायाचित्रकार पुढे आला. त्यानं केरेकेशला खांद्याला धरून प्रेसशेजारी उभं केलं, दोन पावलं मागे सरकला, आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

"हेर प्रेसिडेंट, हात यंत्रावर ठेवता का? सहज. जुन्या मित्राच्या खांद्यावर ठेवावा तसा."

केरेकेश हसत उभा राहिला. उजवा हात त्यानं कोटाच्या खिशात घातला होता. छायाचित्रकारानं तीनदा सांगितलं. हात बाहेर आला नाही.