चार चाकं, चार काटे

आपली जुनी छोटी गाडी डोंगरातल्या रॅलीत पळवायची, एवढं एकच वेड थोरल्या भावाला होतं. गंजलेला पत्रा कापून काढता काढताच आजारपणाने त्याला नेलं. मग धाकट्याने आणि वहिनीने वर्षभर खपून ती गाडी उभी केली: मागची सीट काढून आत गाडी उलटली तरी जपणारा लोखंडी पिंजरा, खाली नव्या कडक स्प्रिंगा. रविवारी दीर चालवणार आणि शेजारी बसून वहिनी वाटेतली टिपून ठेवलेली वळणं वाचून दाखवणार.

स्प्रिंगा जुळवण्यासाठी मिस्त्रीने चारही चाकांखाली वजनकाटे ठेवले. सकाळी रिकामी गाडी तोलून झाली होती. आता दोघांना आत बसवून त्याने आकडे पाहिले आणि डोकं खाजवलं.

"वहिनी, तुमचं वजन किती सांगितलंत?"

"अठ्ठावन्न."

"बाईमाणसाच्या आकड्यावर कसले विसंबता?" दीर हसला.

"भावजी, गप्प बसा, नाहीतर रविवारी सगळी वळणं उलटी वाचेन."

"उतरा बघू दोघंही," मिस्त्री म्हणाला.

दोघं उतरले. मिस्त्री गाडीभोवती दोनदा फिरला, प्रत्येक काट्याशी वाकला. मग त्याचा आवाजच खाली आला. "अजूनही सकाळपेक्षा एकाहत्तर किलो जास्त भरतंय. आणि तेही सगळं मागच्या चाकांवर."

दिराचं हसू मावळलं. वहिनीने मागच्या काचेवर हलकेच हात ठेवला.

 

"आजारपणाआधी त्यांचं एवढंच होतं," ती म्हणाली. "मिस्त्री, काढलेली मागची सीट परत बसवा, पत्र्यावर बसून कंबर धरेल त्यांची."