सरावाची मुलाखत

“जवळच्या माणसाला मरण यावं, असं तुम्हाला कधी वाटलं आहे का?”

शलाकाने प्रश्न सहज वाचला. माणसं मृत्यूकडे कशी बघतात, यावर ती मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. सोमवारपासून साताऱ्याच्या एका वृद्धाश्रमात मुलाखती सुरू होणार होत्या, म्हणून सरावाला तिने आईलाच समोर बसवलं होतं. आई मटार सोलता सोलता उत्तरं देत होती.

“हो, वाटलंय,” आई म्हणाली.

“कुणाला? आजीला?” शलाकाला हसू आलं.

“तुला.”

शलाकाने मान वर केली. आई थट्टा करत नव्हती.

“तू तीन वर्षांची होतीस. मेंदूज्वर झाला होता. डॉक्टर म्हणाले, जगली तरी जन्मभर पडून राहील, कुणाला ओळखणार नाही. तुझे बाबा देवळात तुझं आयुष्य मागत होते. मी इकडे दवाखान्यात, तुझ्या उशाशी हात जोडून म्हणत होते, देवा, हिला ने.”

शलाकाचं पेन कागदावर तसंच राहिलं. आईने मटाराची परात बाजूला सारली.

“तुझ्या जागी कुणीही तेच मागितलं असतं, आई,” शलाका कशीबशी म्हणाली. “आणि मी तर बरी झाले. तुला केवढा आनंद झाला असेल.”

“झाला ना. पण तो नंतर,” आई म्हणाली. “तू डोळे उघडून मला हाक मारलीस, तेव्हा आधी मी घाबरले. वाटलं, हिनं ऐकलं असेल.”