तिसरी लाथ

हळदीच्या पाण्यातून नेत्रानं तिसऱ्यांदा अंगठी काढली आणि सगळ्या बायका ओरडल्या. नवऱ्या मुलाचा, केतनचा हात परातीत तसाच राहिला, नुसती सुपारी धरून.

"गेला आमचा केतन!" सोनूआत्या म्हणाली. "आता घरात हिचंच राज्य."

"पाण्यात काय, कोण पन जिंकंल," केतनची बहीण प्राप्ती म्हणाली. "वैनी, टीव्हीवर खेळून दाखव. दादाला न्हाय, अल्पेशदादाला हरव."

अल्पेश दाराला टेकून उभा होता. दोस्ताच्या लग्नाचा मांडव बांधताना सुतळी आवळून आवळून त्याचा अंगठा सोलला होता. तो हसला आणि टीव्हीकडं निघाला. समोरच्या कॉटवर डाव्या कडेला त्याची जागा होती, गादी तिथं त्याच्याच मापानं दबलेली. तो पोचायच्या आत नेत्रा तिथं जाऊन बसली. केतननं तिच्या पाठीला उशी लावली.

इतक्या वर्षांत अल्पेशला कुणी उशी दिली नव्हती. तो खाली फरशीवर बसला.

खेळ साधा. दोन पैलवान, एकानं दुसऱ्याला आडवं करायचं. नेत्राचे हात अजून ओले पिवळे, कंट्रोलरवर हळदीचे ठसे उठत होते. सुरुवातीला अल्पेशनं तिला दोन-चार ठोसे लगावले. मग तिनं त्याच्या पैलवानाला ढकलत ढकलत पडद्याच्या कोपऱ्यात नेलं आणि खाली बसून लाथ घातली. लाथ. लाथ. लाथ. मग धरून आपटला. उठायच्या आत परत लाथ.

अल्पेशनं ओळखलं. ही केतनची कोंडी.

कोपऱ्यात सापडला की समोरच्याला उठताच येत नाही, मरेपर्यंत आपटत राहतो. यावरनं गावात भांडणं झालेली. माणगावच्या स्पर्धेतून केतनला 'रडीचा डाव खेळतो' म्हणून बाहेर काढलेला. एकानं तर कंट्रोलर फेकून मारलेला. हळूहळू पोरं यायची बंद झाली. अल्पेश एकटा येत राहिला. आधी कॉलेज सुटल्यावर, मग कंपनी सुटल्यावर. यायचा, कोंडीत सापडायचा, आईबहिणीवरनं शिव्या घालायचा आणि परत एक डाव मागायचा.

"ए, चीटिंग!" मागून केतनचा चुलतभाऊ कान्हा ओरडला. "ही कोंडी हाय! ही बंद केलेली!"

"तुझ्या बापानं बंद केली?" प्राप्ती म्हणाली. "वैनी, सोडू नको."

"यांनीच शिकवली," नेत्रा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "साखरपुडा झाल्यापासनं दर रविवारी पिशवीत हे गेमचं मशीन घालून श्रीवर्धनला यायचे. माझ्या बाबांना वाटायचं, आंबे आणलेत."

बायका खो खो हसल्या. केतनही हसला. त्याचे कान लाल झाले.

अल्पेशला तो दर शनिवारी फोन करायचा. मशीन दुरुस्तीला दिलंय रं, उद्या येऊ नको.

अल्पेशनं मान वळवून तिच्या अंगठ्याकडं बघितलं. लाथ, लाथ, लाथ, आणि तिसऱ्या लाथेनंतर अंगठा जरासा अडखळला. अगदी केतनचा अडखळायचा तसा. धरायचं बटन दाबायला किंचित उशीर. तेवढ्या फटीत उडी मारली की माणूस सुटतो. हे केतनला माहीत नव्हतं, गावात कुणालाच माहीत नव्हतं. अल्पेशला पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्यानं ते कधी वापरलं नाही. सुटला असता, तर केतन कशाला रोज हाक मारणार होता?

मार खाऊन खाऊन त्यानं ती एक चूक जपली होती. तीसुद्धा केतननं हिला देऊन टाकली.

लाथ. लाथ. लाथ.

अल्पेशनं उडी मारली.

त्याचा पैलवान तिच्या डोक्यावरून पलीकडं गेला. मग त्यानं तिला श्वास घेऊ दिला नाही. नवी नवरी आहे, हळद ओली आहे, काही बघितलं नाही. तिचा पैलवान आडवा झाला तरी तो बटनं दाबतच होता.

"आयला, सुटला!" कान्हानं शिट्टी मारली.

"भाऊजी, कसं केलंत हे?" नेत्रा खरंच खूश होऊन विचारत होती. "हे तर म्हणायचे, यातनं कोण सुटतच न्हाय. आमच्या अल्पेशला इतक्या वर्षांत जमलं न्हाय, म्हणायचे."

अल्पेशनं केतनकडं बघितलं. केतन हसत नव्हता.

"दे जरा," तो नेत्राला म्हणाला. तिच्या हातातला कंट्रोलर घेतला आणि खाली येऊन अल्पेशला खेटून फरशीवर बसला. "लाव परत."

"आरं, पानं वाढलीत, जेवायला चला," आत्या म्हणाली. कुणी हललं नाही.

केतननं त्याला कोपऱ्याकडं ढकलत नेलं. अल्पेशनं नेऊ दिलं. लाथ. लाथ. लाथ. आपटला.

"सुट ना," केतन हळूच म्हणाला.

लाथ. लाथ. लाथ. फट आली, गेली. आपटला.

"अल्प्या, सुट म्हणतो ना!"

पडद्यावर पैलवान आपटत राहिला. केतन तिकडं बघतच नव्हता. तो अल्पेशच्या अंगठ्याकडं बघत होता. सोललेला अंगठा उडीच्या बटनावर टेकलेला होता, आणि जागचा हलत नव्हता.