होळीचा नाच

ऐका ना भो, आपल्या तोरणमाळच्या ममताचं. गुजरातमधल्या एका प्रायव्हेट फार्मसी कॉलेजात तिला परराज्यातली आदिवासी मुलगी म्हणून निम्मी फी माफ झाली, तेव्हा आपल्या अख्ख्या ग्रुपने स्टेटस ठेवले होते. अट एवढीच की कॉलेजात पाहुणे आले की तिने आईची चांदी घालून स्वागताला होळीचा नाच करायचा.

ती प्रिन्सिपल सरांना म्हणाली, "सर, होळीला आमचं गाव हातात हात धरून नाचतं. मी एकटी कशी नाचू?"

सर म्हणे, "बेटा, फी माफ करताना आम्ही इतके प्रश्न विचारले का?"

मग काय, पाहुणे आले की शिपाई चालू लेक्चरमधून हिला उठवून न्यायचा. सुटीत घरी आली तर तिची आई रूपलीबाई विचारते, "तुमच्या कॉलेजात रोजच होळी असते का गं?"

काल ममताचा फोन आला. लेक्चरची हजेरी कमी भरली म्हणून तिला शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसूच दिलं नाही. मन्हं तं डोकंच फिरनं.



सरांनी वरून सांगितलंय, बाकीच्यांच्या पदवीदानाला मात्र नक्की ये, चांदी विसरू नको.