हलका

“हलका दाखवा ना,” आरती दुकानदाराला म्हणाली, आणि तिच्या बापाची, लखमाची, कानशिलं तापली.

शहापूरच्या एसटी स्टँडसमोरचं ते कॉम्प्युटरचं दुकान एवढंसं होतं. एकाने बोललेलं सगळ्यांना ऐकू जायचं. आणि त्या सगळ्यांत आज नेमके गावचे लडकू पाटील खुर्चीवर बसलेले. त्यांच्याच खाचरांत लखमाच्या आईने जन्मभर भाताची लावणी केली होती. प्रिंटरची शाई भरून घ्यायला आलेल्या पाटलांनी मान वळवून बघितलं.

दुकानदाराने काउंटरखालून एक धूळ बसलेला लॅपटॉप काढला. “हा बघा. वापरलेला आहे, कोपऱ्याला जरा फुटलाय. पण तुम्हाला परवडेल.”

“तसा नाय, मला...” आरतीने तोंड उघडलं.

“तू गप बस,” लखमा म्हणाला.

हलका. हा शब्द तो लहानपणापासून ऐकत आला होता, आणि तो वस्तूंबद्दल नव्हता. हलकी माणसं, हलकी कामं, हलक्यांनी अंगणाबाहेर थांबायचं. पाटलांच्या वडिलांच्या तोंडात तो शब्द सुपारीसारखा घोळत असायचा. त्यातून सुटायला म्हणून लखमा रेल्वेत गँगमन झाला. कसाऱ्याच्या घाटात रुळांखाली खडी ठोकत त्याने सोळा वर्षं काढली. राहायचा तिथेच, क्वार्टरमध्ये. तानसा तलावाच्या बाजूला आपल्या पाड्यावर यायचा तो फक्त रविवारी. पोरगी कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला लागली, हे त्याने घाटातल्या सिग्नलच्या खांबांना तेवढं सांगायचं बाकी ठेवलं होतं. आज फंडातून काढलेले पैसे आतल्या खिशात घालून तो ताठ मानेने दुकानात शिरला होता. आणि या पोरीने चारचौघांत हलका मागितला. बापाची लायकी तेवढीच, असंच तिने सांगून टाकलं, असं त्याला वाटलं.

“काय लखमा,” पाटील हसून म्हणाले, “पोरीला म्हाईत हाय वाटतं, बापाचा खिसा केवढा तो.”

“हलका नको, शेठ,” लखमा म्हणाला. आवाज जरा मोठाच लागला. “भारी दाखवा. जो सगळ्यात भारी असंल तो.”

दुकानदाराचा नूरच बदलला. त्याने वरच्या फळीवरून काळा चकचकीत लॅपटॉप उतरवला. सतरा इंची पडदा. उतरवताना त्याला दोन्ही हात लावावे लागले. “याच्यात सिनेमा बघा, थेटरात बसल्यासारखं वाटेल,” तो म्हणाला. आरतीला सिनेमा बघायचाय का, हे कुणी विचारलं नाही. खिसा पार रिकामा होणार होता. पण लखमाने पाटलांकडे बघितलं, पाटलांच्या भुवया वर गेल्या होत्या, आणि तेवढ्यानेच त्याचं पोट भरलं.

दुकानदाराने लॅपटॉप बॅगेत घालून आरतीकडे दिला आणि तो पावतीपुस्तक शोधायला लागला.

आरतीच्या उजव्या खांद्यावर पुस्तकांची पिशवी आधीच होती. तिने बॅग डाव्या खांद्याला लावली. पट्टा घसरून दंडावर आला. तिने तो वर घेतला, तो पुन्हा घसरला. शेवटी तिने बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

“नीट धर ना,” लखमा म्हणाला. “पट्टा कशाला दिलाय?”

“डावा खांदा भार घेत नाय, बाबा.” पाटलांना ऐकू जाऊ नये म्हणून ती अगदी हळू बोलली. “घरी लाइट नसते. चार्जिंगला रोज कॉलेजात न्यायला लागंल. पाड्यावरून डांबरीपर्यंत यायला तास जातो चालत. म्हणून मी हलका बोलली. वजनाला हलका.”

लखमाने तिच्या खांद्याकडे बघितलं. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. त्याला ते ठाऊक होतं. पोरीला वाकडं उभं राहायची खोड आहे, असं तो गेली तीन वर्षं धरून चालला होता.

तीन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, आरती पाण्याला गेली होती. तलाव पाड्यासमोर पसरलेला, पण ते पाणी शहराला जायचं; पाड्याला पाणी खालच्या विहिरीवरूनच आणावं लागायचं. पायरीवर तिचा पाय सटकला. लखमा रविवारी घरी आला, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्या बाईजा आजीने कामट्या लावून तिचा डावा खांदा बांधला होता. दारात पितळेचा हंडा होता. नवाकोरा, त्याने बोनसमधून घेतलेला. त्याला पोचा पडला होता. लखमाने आधी हंडा उचलला. उलटासुलटा करून बघितला. नवी वस्तू तुझ्या हातात टिकत नाय, असं म्हणून तो पोरीवर ओरडला. तुला कुठे लागलं, हे विचारायचं राहून गेलं. पुढच्या रविवारीही राहिलं, आणि मग ते राहूनच गेलं.

पाटलांसमोर मघाशी वाटलेली लाज आता त्याला पोरखेळ वाटली. पोरीच्या खांद्याकडे बघवेना, आणि दुसरीकडे कुठे बघावं तेही कळेना. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग, पावती कुणाच्या नावाने करू?” दुकानदाराने पेन उघडलं. पाटील अजून बघतच होते.

लखमाने पोरीच्या हातातली बॅग काढून घेतली आणि काउंटरवर ठेवली.

“हा नको, शेठ,” तो म्हणाला, पाटलांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात. “हलका दाखवा. सगळ्यात हलका.”